साखरेशिवाय घरचं शरबत: तुती, फालसा, जांभूळ आणि तीन दिवसांचा हिशेब

इफ्तारच्या दस्तरखानवर खजूर, फळं, भजी यांच्या शेजारी लाल-गुलाबी शरबताचा जग नसेल तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. हे शरबत आपल्याकडे आलं ते युनानी दवाखान्यांतून. १९०६ साली दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी हमदर्द दवाखाना सुरू केला आणि त्यांच्या लाल शरबताची बाटली पुढे घराघरात पोहोचली. शरबत मुळात हकिमाचीच चीज. घसा बसला की काळ्या तुतीचं शरबत, ज्याला युनानीत शरबत-ए-तूत सियाह म्हणतात, ते आजही दिलं जातं. उन्हाळ्यात फालसा, पित्ताला अनार. दवा म्हणून चमचा-दोन चमचे घ्यायची ही गोष्ट आपण आता ग्लास भरभरून पितो, अडचण तिथे आहे.

हिशेब सोपा आहे. भारतीय अन्न नियमांप्रमाणे सिरपमध्ये विरघळलेला घनभाग किमान ६५ टक्के असावा लागतो आणि बाजारच्या बाटलीत हा भाग जवळजवळ सगळा साखरेचाच असतो. पोह्याचे दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली सिरप ग्लासात घातलं की २५ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा, आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर जास्त चांगलं. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी दिवसाला अंदाजे २५ ग्रॅम. इफ्तारचा पहिलाच ग्लास तो कोटा संपवतो. शीरखुर्मा, फिरनी, चहा हे सगळं त्यानंतर. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात तो कुणाकुणाला आहे हे सांगायला पाहणी लागत नाही.

म्हणून पांढऱ्या साखरेशिवाय घरी शरबत कसं करायचं ते इथे सांगतोय. पण आधी एक गैरसमज दूर करू.

गूळ, मध, खजूर: ही पण साखरच

“आम्ही साखर बंद केली, आता गुळाचंच पितो” असं सांगणाऱ्या खाला-मामू प्रत्येक खानदानात असतात. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, तर गुळात जरा कमी, पावणेचारच्या घरात. फरक एवढाच. मधात पाणी असल्याने ३ कॅलरी. कुरआन शरीफमध्ये सूरह नहलच्या ६८ आणि ६९ व्या आयतीत मधमाशीचा आणि मधात लोकांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे आणि मधाची कद्र आपल्याला त्यातूनच आहे. पण मधुमेहींच्या रक्तात मध साखर वाढवतोच, आणि डब्ल्यूएचओच्या व्याख्येत मध, सिरप, फळांचा गाळलेला रससुद्धा ‘मोकळ्या साखरे’तच मोजला जातो.

मग फायदा काय? फायदा असा की घरी गोडी आपल्या हातात राहते. बाजारच्या बाटलीत फळ कमी आणि पाक जास्त, वर पॉन्सो ४ आर किंवा कार्मोइझिनसारखा कृत्रिम लाल रंग. घरच्या शरबतात फळ जास्त, गोडी कमी, आणि रंग फळाचाच. तुतीचा रंग तर असा की ओढणीवर पडला तर ईदपर्यंत निघत नाही.

तुती आणि खजूर

गेल्या काही वर्षांत रमजान उन्हाळ्यातून मागे सरकत फेब्रुवारी-मार्चवर आला आहे. महाबळेश्वर-पाचगणीची तुती आणि स्ट्रॉबेरी नेमकी याच दिवसांत बाजारात असते. फालसा त्यानंतर उन्हाळ्यात येतो, करवंदं एप्रिल-मेमध्ये, जांभळं पावसाच्या तोंडावर. रमजानसाठी तुती हाच सोयीचा मेवा आहे.

१ किलो काळी पिकलेली तुती हलक्या हाताने दोन पाण्यांतून काढा. देठ खुडत बसायची गरज नाही, गाळताना निघतात. २५० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर एक वाटी गरम पाण्यात तासभर भिजवून त्याच पाण्यासकट मिक्सरमधून बारीक करा. तुती अर्धी वाटी पाण्याबरोबर स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. अॅल्युमिनियम किंवा लोखंडाचं भांडं नको, आंबट रस त्याला लागतो आणि चव बिघडते. पंधरा-वीस मिनिटांत फळ गळतं. ते डावाने दाबून घ्या आणि मलमलच्या कपड्यातून गाळा. घाई असेल तर पिळा, पण रस जरा गढूळ येईल.

आता रसात खजुराची पेस्ट, चार ठेचलेल्या वेलच्या, छोटा दालचिनीचा तुकडा आणि मूठभर पुदिना घालून दहा मिनिटं उकळा. परत गाळा. शेवटी दोन लिंबांचा रस. याचं साधारण पाऊण लिटर शरबत होतं. आमच्या अंदाजाने त्याच्या ३० मिलीत १० ग्रॅमच्या आसपास साखर येते, म्हणजे बाजारच्या निम्म्याहून कमी. चव सौम्य लागते, हे खरं. पहिले दोन दिवस मुलं नाक मुरडतील. ग्लासात भिजवलेला सब्जा आणि चिमूटभर सैंधव घाला, मग पितात.

मध घालायचा असेल तर शरबत कोमट झाल्यावरच घाला, उकळत्यात घातला की त्याचा सुगंध जातो. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, शरबतातूनही नाही, बोटावर चाटवायलाही नाही. मधात बोट्युलिझमचे जिवाणूबीज असू शकतात, आणि तान्ह्या बाळाचं पोट त्यांना रोखू शकत नाही. घरातले बुजुर्ग आग्रह धरतील, तरी नम्रपणे नाही म्हणा.

जेष्ठमध घातला तर गोडी आपोआप येते, घशालाही बरा. पण ब्लडप्रेशरच्या रुग्णांनी रोज घेऊ नये, तो प्रेशर वाढवतो.

बाकीच्या फळांबद्दल थोडक्यात. फालसा मिक्सरमध्ये फिरवू नका, बी भरडली की शरबत तुरट-कडवट होतं. थोडं मीठ टाकून हातानेच कुस्करा आणि न शिजवता गाळा. करवंदं पूर्ण काळी झालेलीच घ्या, कच्च्यात चीक फार असतो. करवंदात पेक्टिन भरपूर, जास्त आटवलं तर शरबताऐवजी जेली हातात येते. (ती पावाला लावायला मस्त लागते, फेकू नका.) जांभळाला जिरेपूड आणि काळं मीठ शोभतं. जांभूळ मधुमेहावर चांगलं म्हणतात म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत. कोकणातल्या घरांत कोकम आहेच, त्याला गूळ किंवा खजूर दोन्ही चालतात.

साखर नाही, म्हणून टिकत नाही

ही बाब पाककृतीपेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती आम्ही चुकूनच शिकलो. एका जूनमध्ये गुळातलं जांभळाचं शरबत करून बाटली ओट्यावरच ठेवली. नवव्या दिवशी बूच उघडायला गेलो तर ते फटकन उडालं आणि फेस भिंतीपर्यंत गेला. वासही वेगळा, ताडीसारखा. घरात कुणालाच काय झालं ते आधी कळलं नाही.

झालं ते असं. बाजारच्या सिरपमध्ये ६५ टक्के साखर फक्त गोडीसाठी नसते, ती राखणदार असते. एवढ्या दाट पाकात खमिराच्या सूक्ष्म जंतूंना वापरायला मोकळं पाणीच मिळत नाही. आपण साखर कमी केली की तो पहारा उठतो. फळाच्या सालीवर, हवेत, न उकळलेल्या बाटलीत खमीर असतंच. ते रसातली साखर खातं आणि अल्कोहोल व वायू सोडतं. बंद काचेच्या बाटलीत वायू साठला तर बाटली फुटूही शकते.

म्हणजे इथे प्रश्न फक्त शरबत नासण्याचा नाही, हलाल-हरामचा आहे. आणि आपल्या दीनमध्ये याचं मार्गदर्शन फार जुनं आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासाठी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीज केलं जात असे. सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीत येतं की मनुका भिजवलेलं पेय आप (सल्ल.) त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत घेत, उरलेलं मग ओतून दिलं जाई. अरबस्तानच्या उन्हात गोड पाण्याला नशा चढायला किती वेळ लागतो, याचा तो रोजच्या व्यवहारातला अंदाज होता. 

यावरून आम्ही घरात ठेवलेला नियम असा: न शिजवलेलं शरबत, म्हणजे फालसा किंवा भिजवलेल्या मनुकांचं, बाहेर ठेवायचंच नाही. फ्रिजमध्येही तीन दिवस, बस. उकळून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरम भरलेलं शरबत फ्रिजमध्ये आठवडाभर. ओला चमचा बाटलीत घालायचा नाही. बुडबुडे, फेस, उघडताना फुस्स आवाज, जिभेला चिमटा, दारूसारखा वास, यातलं काहीही जाणवलं तर चाखून बघायचं नाही, मोरीत ओतायचं. “पुन्हा उकळलं तर चालेल का?” असं विचारतात. उकळल्याने नासलेलं ताजं होत नाही. मसला म्हणून विचारायचं असेल तर आपल्या आलिमसाहेबांना विचारा, पण चार वाट्या शरबतासाठी शंका कशाला बाळगायची?

काहीजण म्हणतील, मग जांभळाचा सिरका कसा चालतो? रस आपोआप आंबत पूर्ण सिरका झाला तर तो जायज आहे, आणि सिरक्याला तर आप (सल्ल.) यांनी उत्तम सालन म्हटलं आहे. पण ओट्यावरची फसफसणारी बाटली म्हणजे सिरका नाही, ती वाटेतच अडकलेली चीज आहे.

जास्त दिवस ठेवायचं तर फ्रीजर. थंड झालेलं शरबत बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठलं की खडे काढून डब्यात भरा आणि डब्यावर तारीख लिहा. दोन-तीन महिने चव टिकते. इफ्तारला एका ग्लासात दोन खडे, वर थंड पाणी, सब्जा. मधुमेही रोजेदाराला एकच खडा द्या आणि जास्तीचं पाणी. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रोजे सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांकडून डोसाच्या वेळा लिहून घ्या. आणि रोज्यात चक्कर, घाम, थरथर सुरू झाली तर मगरिबची वाट न पाहता साखर तपासा. रक्तातली साखर ७० च्या खाली असेल तर रोजा सोडा, नंतर कजा करता येतो. त्या वेळी मात्र खजुराच्या शरबताचा खडा विरघळायची वाट बघू नका, साधी साखर पाण्यात घालून लगेच द्या.