मलाझमधला एसी मेकॅनिक

पहाटे ५. रियाधमधला जुलै. अल मलाझच्या जुन्या इमारतीत एका खोलीत आम्ही चौघं. ही वस्ती १९५० च्या दशकात सरकारी नोकरांसाठी वसवली होती. आता इथल्या जुन्या घरांत आमच्यासारखे भाडेकरू राहतात.

सकाळी ६. गच्चीवरचं आउटडोअर युनिट. जाळीवर धुळीचा थर बसलेला. तो धुतला, तरी कॉम्प्रेसर नुसता घुमतो, उचलत नाही. झाकण काढलं तर कपॅसिटर फुगलेला. नवा टाकला, क्लॅम्प मीटरवर करंट पाहिला आणि मगच खाली उतरलो.

सकाळी ९. चहा. माझा मदतनीस पूर्वी मोबाइल दुरुस्त करायचा. २०१६ मध्ये ते काम फक्त सौदी नागरिकांसाठी राखीव झालं. सोल्डरिंगला हात बसलेला, म्हणून एसीची सर्किटं तो पटकन शिकला.

दुपारी १२. १५ जून ते १५ सप्टेंबर, बारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी. खोलीवर येऊन भात-कालवण जेवतो.

दुपारी ४. पुन्हा काम. दोन घरांत गॅस भरला.

संध्याकाळी ६. गावी साडेआठ वाजलेले. बाबांना फोन. ते मुंबईत लालबागच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मग भिवंडीत कमी मजुरीवर पॉवरलूम, शेवटी खेडची शेती. साच्याखेरीज दुसरं काम त्यांना कुणी शिकवलंच नाही.

रात्री ९. माझं उलट झालं. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, कंत्राटदारांची बिलं अडकली आणि आमच्या बांधकाम कंपनीने पगार थांबवला. एसीच्या डक्टिंगचं काम येत होतं, पण कफीलाच्या, म्हणजे प्रायोजक मालकाच्या, संमतीशिवाय इकामा (राहण्याचा परवाना) दुसरीकडे वळत नव्हता. १४ मार्च २०२१ पासून वर्षभर काम केलेल्याला कराराच्या अटी पाळून संमतीशिवाय मालक बदलता येतो. घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर मात्र त्या सुधारणेतून वगळले गेले.

बाबांना जायची मोकळीक होती, दुसरं कसब नव्हतं. माझ्याकडे कसब होतं, मोकळीक नव्हती. धंदा बुडतो तेव्हा कामगाराला दोन्ही लागतात, आणि ती देणं हे सरकारचं आणि मालकाचं काम आहे. एकट्या कामगाराच्या जिद्दीवर ते सोडून देता येत नाही.