एक मत इकडं, एक मत तिकडं : मतदार गोंधळलेला नसतो

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर आकडेमोड सुरू होते. लोकसभेला अमुक पक्षाला गावातून आघाडी मिळाली आणि त्याच पक्षाचा विधानसभेचा उमेदवार मात्र गावात मागे पडला, असं दिसलं की तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं, लोकांना बटणच कळलं नाही. कुणी म्हणतं, पैसा फिरला. कुणी म्हणतं, आपल्यातलेच फितूर झाले. शेतकऱ्याने विचार करून दोन मतं दोन ठिकाणी दिली असतील, हे मात्र फारसं कुणाच्या मनात येत नाही.

मत असं वाटून का दिलं जातं आणि त्यातून गावाचं काय भलं-बुरं होतं, याचा थोडा हिशेब इथे मांडत आहे. कुणाला मत द्यावं हे सांगण्याचा हेतू नाही. शेती खात्यातल्या माणसाचं ते कामही नव्हे.

नांदेडचा निकाल

सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचं मतदान झालं. नांदेडमध्ये त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूकही होती. जूनमध्ये निवडून आलेले काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांचं ऑगस्टमध्ये निधन झालं होतं. म्हणजे मतदार एकाच रांगेत उभा राहिला आणि त्याने दोन बटणं दाबली.

निकाल काय लागला? भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. आणि याच सहा मतदारसंघांची मिळून जी लोकसभेची जागा होते, ती काँग्रेसच्या रवींद्र चव्हाण यांनी भाजपच्या उमेदवाराला १,४५७ मतांनी मागे टाकून जिंकली. वडिलांच्या निधनाची सहानुभूती होती, हे खरं. पण सहानुभूती असलेल्या माणसानेही दुसरं बटण दाबताना वेगळा विचार केला, हेही तितकंच खरं.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निकाल वेगळा लागला म्हणजे सगळा फरक वाटून दिलेल्या मतांचाच असतो असं नाही. विधानसभेला बंडखोर आणि अपक्ष जास्त असतात. त्यांना मत देणाऱ्यापुढे लोकसभेच्या यंत्रावर तो माणूसच नसतो, मग त्याला दुसरा कुणी निवडावा लागतो. तरीसुद्धा सहाच्या सहा जागा एकीकडे आणि खासदार दुसरीकडे, हे मतं वाटल्याशिवाय घडणं कठीण आहे.

हे नवं नाही. १९९९ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा यांचं मतदान एकत्रच झालं होतं. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ, या हिशेबाने विधानसभेतही युतीची सत्ता यायला हवी होती. प्रत्यक्षात २८८ पैकी शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६, मिळून १२५ जागा आल्या. निवडणूक वेगवेगळी लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले, लहान पक्षांची साथ मिळाली आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

आपल्याबाहेरही हेच दिसतं. ओडिशात २०१९ साली दोन्ही मतदानं एकाच वेळी झाली. भाजपला लोकसभेला सुमारे ३८ टक्के मतं पडली आणि २१ पैकी ८ जागा मिळाल्या. विधानसभेला त्याच पक्षाची मतं सुमारे ३२ टक्क्यांवर आली आणि जागा मिळाल्या २३. बिजू जनता दलाने विधानसभेच्या ११२ जागा जिंकल्या. त्या वेळी केंद्राची पीएम-किसान आणि राज्याची कालिया, अशा शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या दोन्ही योजना नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका योजनेसाठी दिल्लीचं नाव घेतलं जात होतं, दुसरीसाठी भुवनेश्वरचं. दोन्ही घरचं मीठ खाल्लेल्या माणसाने दोघांनाही एकेक मत दिलं असेल, तर त्यात नवल काय?

मत का वाटलं जातं

पहिलं कारण म्हणजे ज्याचं काम त्याला जाब. हमीभाव, उसाची एफआरपी, खतांचं अनुदान आणि शेतमालाची आयात-निर्यात हे विषय केंद्राचे. कालव्याचं पाणी, शेतीपंपाची वीज आणि आपल्याकडे २०१७ आणि २०१९ साली झालेली कर्जमाफी हे राज्याचे. कांद्याचंच बघा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्याच मे महिन्यात मतदान झालेल्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. सहा महिन्यांनी त्याच दिंडोरीतल्या विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यावर आले होते आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल माफ झालं होतं. ही दोन मतदानं एका दिवसाची नव्हेत आणि निकालाला इतर कारणंही होती. पण दिल्लीचा राग दिल्लीवर आणि मुंबईचा हिशेब मुंबईशी, ही रीत त्यातून दिसते.

दुसरं कारण जवळ-लांबचं. डीपी जळाली, पंचनाम्यातून नाव सुटलं, रुग्णालयात खाट मिळेना, की माणूस आमदाराच्या माणसाला फोन लावतो. खासदाराचा मतदारसंघ सहा आमदारांएवढा. तो दारात क्वचितच येतो. त्यामुळे आमदार निवडताना लोक माणूस बघतात आणि खासदार निवडताना पक्ष किंवा देशाचा नेता बघतात.

तिसरं कारण सहकाराचं. विधानसभेचा उमेदवार साखर कारखान्याचा अध्यक्ष असेल, तर ऊस त्याच्या गव्हाणीत जाणार असतो. तोडणीची टोळी वेळेवर यायला हवी, बिल निघायला हवं. दूध संघ आणि जिल्हा बँक यांचंही तसंच. अशा वेळी एक मत व्यवहाराला आणि दुसरं मनाला, अशी वाटणी होते. ही वाटणी नेहमी खुशीची असते असं नाही. पुष्कळदा ती नाइलाजाची असते.

चौथं कारण जोखमीचं. कोरडवाहू शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी का टाकतो? एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहावं म्हणून. सगळी सत्ता एकाच्या हाती दिली आणि तो फिरला, तर दाद कुणाकडे मागायची? म्हणून दोन दारं उघडी ठेवायची. कित्येक घरांत तर चार मतांची वाटणी आदल्या रात्रीच ठरते.

आणि पाचवं कारण पक्षांनीच तयार केलेलं. युतीत आणि आघाडीत जागावाटप होतं. मतदाराच्या पसंतीचं चिन्ह एका यंत्रावर असतं, दुसऱ्यावर नसतंच. २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी फुटली. वर्षानुवर्षं ओळखीचे असलेले धनुष्यबाण आणि घड्याळ एका गटाकडे गेले. मतदार जागच्या जागी राहिला आणि त्याच्या पायाखालची बांधबंदिस्ती हलली. फोडाफोडी पक्षांनी करायची आणि फितुरीचा ठपका मतदारावर ठेवायचा, हा कुठला न्याय?

गावात त्याची किंमत

वाटून दिलेल्या मताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मतदार एकाच वेळी दोन मतं देतो, एक गटासाठी आणि एक गणासाठी. ग्रामपंचायतीत पक्षाची चिन्हं नसतात, पॅनेल असतात. वॉर्डातून दोन-तीन सदस्य आणि शिवाय थेट जनतेतून सरपंच. थेट सरपंचाची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली परत आली.

यातून सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असं अनेक गावांत घडतं. मतदाराचा हेतू चांगला असतो. सरपंच माणूस बरा म्हणून त्याला मत, आणि वॉर्डातला सदस्य भावकीतला म्हणून त्याला. पण पुढे मासिक सभेला गणपूर्ती होत नाही, ठराव अडतात आणि वित्त आयोगाचा निधी वेळेत खर्ची पडत नाही. नळाचा व्हॉल्व्ह बदलायलाही दोन गटांची समजूत काढावी लागते. सदस्यांनी सरपंचावर अविश्वास मंजूर केला तरी तो ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. तेवढ्यात उन्हाळा निघून जातो.

तेव्हा मत वाटताना एवढं तरी बघावं, की ज्या दोघांना आपण निवडतो आहोत ते एका टेबलाशी बसू शकतील का. मतदाराने दोघांना निवडलं ते एकमेकांवर लक्ष ठेवायला, एकमेकांचे पाय ओढायला नव्हे. हे निवडून आलेल्यांनीही ध्यानात घ्यावं.

खरी भीती कशाची

सगळ्यात गंभीर मुद्दा गुप्ततेचा आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. मतदान यंत्रं आल्यावर मोजणी केंद्रवार होऊ लागली. लहान गावाला एकच मतदान केंद्र असतं. मग समजा, लोकसभेला एका बाजूला चारशे मतं पडली आणि विधानसभेला त्याच बाजूला अडीचशे, तर दीडशे मतं कुठे गेली याचा शोध त्याच संध्याकाळी सुरू होतो. बोट बहुधा एखाद्या वस्तीकडे, एखाद्या आळीकडे वळतं. आणि ज्याच्याकडे बोट वळतं तो बहुधा गरीबच असतो. मग त्या वस्तीचा रस्ता मागे पडतो, टँकरची खेप कमी होते, मजुराला कामाला बोलावणं येत नाही.

अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली दिला. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. पुढे केंद्र सरकारने तो मानला नाही. एकत्र निवडणुकांसाठी घटनादुरुस्तीचं विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. त्यावर चर्चा करताना खर्चाचा आणि आचारसंहितेचा मुद्दा सगळे काढतात. पण एकाच दिवशी दोन यंत्रांवर मतदान झालं, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून गावाची झडती घेणं आणखी सोपं होईल, हेही बोललं गेलं पाहिजे.

तोवर गावाच्या हाती जे आहे ते करावं. ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक (पदांची नावं बदलली तरी गावात हाक हीच आहे) यांनी लाभार्थ्यांची यादी निकषावर करावी. केंद्राच्या आकड्यांचा कागद त्या टेबलावर येऊच देऊ नये. यादी ग्रामसभेत वाचावी आणि फलकावर लावावी. सगळ्यांसमोर वाचलेल्या यादीतून नाव गाळणं अवघड जातं. कार्यकर्त्यांनी मत मागावं, पण निकालानंतर मताची झडती घेऊ नये.

आणि मतदाराने आपले प्रश्न नीट वाटावेत. निर्यातीचा आणि हमीभावाचा प्रश्न खासदाराला, पाण्याचा आणि विजेचा आमदाराला, शाळेचा आणि गुरांच्या दवाखान्याचा जिल्हा परिषद सदस्याला, नळाचा आणि गटारीचा सरपंचाला. ज्याचा प्रश्न त्याला विचारून दिलेलं मत एकाला पडो की चौघांत वाटलं जावो, ते हिशेबाने दिलेलं मत आहे. त्याचा जाब विचारण्याचा अधिकार गावात कुणालाही नाही.