विजेच्या खंडाची नोंद व कास्तकाराची हरकत

हरभऱ्यास दोनच पाणी देणे शक्य असेल तर एक फांद्या फुटताना व दुसरे घाटे भरताना द्यावे, हे मूर्तिजापूर तालुक्यातील कास्तकारांस नव्याने सांगावयास नको. खारपाणपट्ट्यात गोडे पाणी मोलाचे. शेततळ्यात साठविलेले पाणी तुषार संचाने बेताने द्यावे लागते. नेमके त्याच आठवड्यात रोहित्र जळाले, तर पाणी असूनही दाणा भरत नाही. अशा वेळी पारावर तक्रार पुष्कळ होते. कागदावर मात्र काही उतरत नाही.

वास्तविक लोकांचे म्हणणे ऐकून घेणे कायद्यानेच आवश्यक केलेले आहे. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये दरनिश्चितीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो व आलेल्या सूचना-हरकतींचा विचार करूनच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आदेश देतो. विनियमांचे मसुदेही अगोदर प्रसिद्ध होतात. महावितरणच्या दरप्रस्तावांवर अमरावती येथे जाहीर सुनावण्या झालेल्या आहेत; मूर्तिजापूरहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आहे. तेथे मराठीतून बोलता येते. परंतु 'आमच्याकडे वीज नेहमीच जाते' एवढ्याने भागत नाही. ग्रामीण भागातील निकामी रोहित्र ४८ तासांत पूर्ववत करावे, असे आयोगाचे मानक आहे. ते पाळले गेले नाही, हे दाखवावयाचे तर वीज कोणत्या दिवशी, किती वाजता गेली व केव्हा आली, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी शाळकरी मुलाची एक वही पुरे. तीत रोहित्राचा क्रमांक, तक्रारीचा क्रमांक, पिकाची अवस्था व ओलिताविना राहिलेले क्षेत्र त्याच दिवशी लिहावे. आठवणीने मागाहून भरलेली वही कोणी मानीत नाही, आणि ते योग्यच आहे.

अलीकडे या विषयात संगणक-सुरक्षेची भर पडली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा राज्याच्या सायबर विभागाने बाहेरील घुसखोरीचा संशय व्यक्त केला. पुढे २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारण काहीही असो, उपकेंद्रांतील यंत्रे दुरून संगणकाने चालविली जातात, तेथे हा धोका संभवतो. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ पासून सर्व देशाचे जाळे एकत्र जोडलेले आहे. पारसच्या संचांची वीजही त्याच जाळ्यात जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

हा विषय तज्ज्ञांचा म्हणून कास्तकाराने सोडून देऊ नये. त्याने एकच प्रश्न विचारावा: संगणकयंत्रणा बंद पडली तर उपकेंद्र हाताने चालवून कृषिवाहिनी किती तासांत सुरू होईल, आणि तशी तालीम शेवटची केव्हा झाली?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वर्तमानपत्रांतील जाहीर सूचनेवर लक्ष ठेवावे. मुदतीत आयोगाच्या सचिवांकडे लेखी हरकत पाठवावी, प्रत महावितरणला द्यावी, आणि सुनावणीत बोलावयाचे असल्यास तसे त्याच अर्जात नमूद करावे. एका रोहित्रावरील सर्व कास्तकारांनी मिळून एकच अर्ज केला तरी चालेल. वहीची नक्कल मात्र सोबत जोडावी.