फेर्मा संख्या, पाचवी
फेर्मा संख्या, पाचवी : २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या. २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२,… असा उत्तरोत्तर दुप्पट करीत जाऊन प्रत्येक घातात १ मिळविला असता ज्या संख्या येतात, त्यांना फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांच्या नावावरून फेर्मा संख्या म्हणतात. त्यांचे क्रमांक शून्यापासून मोजण्याचा प्रघात असल्याने प्रस्तुत संख्या पाचवी ठरते.

तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या पाचही संख्या अविभाज्य आहेत. त्यावरून या प्रकारची प्रत्येक संख्या अविभाज्य असावी, असे मत फेर्मा यांनी १६४० च्या सुमारास मांडले. तथापि त्याची सिद्धता त्यांना देता आली नाही. क्रिस्टिआन गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये पत्राद्वारे या प्रश्नाकडे लेओनार्ट ऑयलर यांचे लक्ष वेधले. १७३२ मध्ये ऑयलर यांनी पाचव्या संख्येस ६४१ ने निःशेष भाग जातो असे दाखविले :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

यातील दोन्ही अवयव अविभाज्य आहेत.

प्रत्यक्ष भागाकार न करताही ही गोष्ट सिद्ध करता येते. ६४१ = ६२५ + १६ असल्यामुळे ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने गुणल्यास ६४० चा चौथा घात व २ चा ३२ वा घात यांची बेरीज येते. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येस ६४० + १, म्हणजे ६४१ ने भाग जातो. ही संख्या वरील गुणाकारातून वजा केली की पाचवी फेर्मा संख्या उरते. म्हणून तिलाही ६४१ ने भाग जातो.

विभाजकांचा शोध सुलभ करणारा नियम एद्वार ल्यूका यांनी १८७८ मध्ये दिला. त्यानुसार या संख्येचा प्रत्येक अविभाज्य विभाजक १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. अशा अविभाज्य संख्यांत २५७ नंतर लगेच ६४१ येते. म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ अविभाज्य संख्यांनी भागून पाहण्याऐवजी दोनच भागाकार पुरतात.

या संख्यांचा भूमितीशीही संबंध आहे. विषम बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येण्यासाठी बाजूंची संख्या ही अविभाज्य फेर्मा संख्या किंवा अशा भिन्न संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट पुरेशी असल्याचे कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी व आवश्यक असल्याचे प्येअर व्हांत्सेल यांनी १८३७ मध्ये दाखविले. ज्ञात असलेल्या पाच अविभाज्य फेर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे पाचव्या संख्येहून बरोबर २ ने कमी आहे. विषम बाजूंच्या रचनाक्षम बहुभुजांत बाजूंची याहून मोठी संख्या ज्ञात नाही. पाचवी संख्या अविभाज्य असती, तर तितक्या बाजूंचा बहुभुजही काढता आला असता.

पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फेर्मा संख्या विभाज्य असल्याचे आता सिद्ध झाले आहे. सहावा अविभाज्य नमुना आढळलेला नाही. तथापि पुढे तो आढळणारच नाही, असेही सिद्ध झालेले नाही. मोजक्या उदाहरणांवरून काढलेला नियम सिद्धतेची जागा घेऊ शकत नाही, याचे ही संख्या प्रसिद्ध उदाहरण आहे.