जुन्या नोंदींची घडी

नळदुर्गच्या किल्ल्यातला बोरी नदीवरचा बंधारा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे काम. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, आणि पाणी चढले की नर व मादी हे दोन सांडवे वाहू लागतात. जादा पाण्याची वाट बांधणाऱ्याने आधीच करून ठेवली. शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या संगणकाच्या डिस्कला मात्र असा सांडवा नसतो. ती भरली की नवी फाईल जतन होत नाही, छपाई अडते, आणि हे बहुधा निकालाच्या आठवड्यातच व्हायचे!

फोटो आणि चित्रफिती जागा खातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण संगणक स्वतःही रोजनिशी लिहीत असतो. कोण आत आले, कोणते काम अडले, किती वाजता. या रोजनिशीला लॉग म्हणतात. ती न सांगता वाढत जाते.

मग पुसून टाकावी का? नाही. बिघाड किंवा चोरी झाली तर तपास तिच्यावरूनच होतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत तर सरकारी संस्था व कंपन्यांनी लॉग १८० दिवस सांभाळावेत, असे सांगितले आहे. तेव्हा पुसायचे नाही, घडी घालायची.

ही घडी कशी बसते ते पाहा. हजेरीपत्रकात तोच मजकूर पुन्हा आला की गुरुजी खाली ‘सदर’ लिहून मोकळे होतात. संगणक तेच करतो. ‘इतकी अक्षरे मागे जा, तिथली इतकी उचल’ एवढीच खूण तो ठेवतो. ही युक्ती झिव्ह आणि लेम्पेल या दोघांनी १९७७ साली मांडली. तिच्यावर आधारलेला जीझिप हा कार्यक्रम १९९२ मध्ये आला आणि आजही लिनक्सवर सर्रास चालतो. लॉगमध्ये त्याच त्या ओळी फार, म्हणून फाईल पुष्कळदा दहाव्या हिश्शावर येते. शिवाय एकही अक्षर हरवत नाही. फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांच्यावर हा प्रयोग करून हाती काही लागायचे नाही.

आता जपायचे कुठे? ज्या फाईलमध्ये संगणक अजून लिहितो आहे, तिला हात लावू नका. जीझिप नवी फाईल करून जुनी काढून टाकतो. पण लिहिणारा कार्यक्रम जुनीच धरून बसतो. त्याच्या पुढच्या नोंदी कुठेच दिसत नाहीत, आणि तो बंद होईपर्यंत जागाही सुटत नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान! तारीख उलटून बाजूला पडलेल्या फाईलच घ्या. दुसरे, घडी घालतानाही जागा लागते, कारण थोडा वेळ दोन्ही फाईल नांदतात. डिस्क काठोकाठ भरली असेल तर लहान फाईलपासून सुरुवात करा. घडी झाली की ती धड आहे का, हे जीझिपलाच तपासायला सांगता येते. पुढे वाचायची वेळ आली तर झीकॅट हा कार्यक्रम ती न उलगडता मजकूर दाखवतो.

हे सारे दर आठवड्याला हाताने करायला कोणाला सवड आहे? लॉगरोटेट नावाचा कार्यक्रम बहुतेक लिनक्स संगणकांत आधीच असतो. तो रोजनिशीची वही बदलतो, जुनीची घडी घालतो आणि फार जुनी टाकून देतो. मात्र त्याच्या सूचनांची फाईल एकदा उघडून पाहा. घडी घालण्याची सूचना काही ठिकाणी मुळात बंद असते. आणि किती आठवडे ठेवायचे, तिथे अनेकदा चार हा आकडा असतो. १८० दिवस सांभाळायचे असतील, तर चारच्या जागी २६ लिहा.