टिचबटण, वेल्क्रो आणि भाच्याचे डायपर

कॉलेजच्या मासिकात डायपरवर लेख? हसा, खुशाल हसा! गेल्या महिन्यात माझ्या खिडकीत वाळणारे १२ रंगीबेरंगी डायपर पाहून आमच्या विंगने पोटभर हसून घेतलंच आहे. पण विषय डायपरचा असला तरी मुद्दा आपल्या मशीन डिझाइनच्या तासाचा आहे, म्हणून पाच मिनिटं द्या.

हे डायपर माझ्या ताईच्या बाळाचे. धुवून पुन्हा वापरायचे, कापडी. एक ३५० रुपयांना, म्हणजे १२ चे ४,२०० झाले. वर्ष व्हायच्या आत सहांचं वेल्क्रो धरेना आणि उरलेल्या सहांची टिचबटणं आपोआप सुटायला लागली. कापड ठणठणीत, आतले सुती पॅड ठणठणीत. पण बाळ रांगायला लागलं की बाळ पुढे आणि डायपर मागे! ताई म्हणाली, "टाकून देते हे. वापरून फेकायचेच आणते." आता ताईच्या गावात असला कचरा न्यायला कोणी येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेला डायपर नीट गुंडाळून द्यावा असं सांगितलं होतं, पण द्यायचा कुणाला? मग परसात पुरायचा, नाहीतर जाळायचा. आत प्लास्टिक असलेली ती वस्तू धड कुजत नाही आणि जाळली तर विषारी धूर. म्हणून सुट्टीवरून येताना सगळे डायपर पिशवीत भरून आणले. तोवर आईने जुन्या सुती साडीचे लंगोट शिवून दिले.

तो लंगोट नीट बघा. नाडीने बांधायचा. नाडी तुटली की दुसरी लावायची, लंगोट कोणी फेकत नाही. मुद्दा हाच आहे. बेल्ट, बेअरिंग, ब्रेक शू हे भाग झिजणारच असं धरूनच आपण मशीन बनवतो. डायपरमध्ये हा झिजणारा भाग म्हणजे बंद. तो गेला म्हणून अख्खा डायपर गेला असं होत नाही.

आधी वेल्क्रो

आघाड्याची बोंडं पँटला कशी चिकटतात ते ट्रेकवाल्यांना सांगायला नको. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्राल यांना १९४१ मध्ये कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या अशाच बोंडांवर बारीक आकडे दिसले, आणि त्यावरून पुढे वेल्क्रो तयार झालं. १९५५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. एका पट्टीवर नायलॉनचे आकडे, दुसरीवर मऊ फासे. पट्टी सरळ आडवी ओढली तर असंख्य आकडे एकदम भार घेतात. कोपऱ्यातून सोलली तर एका वेळी एकच ओळ सुटते. म्हणून बाळाच्या पोटाच्या ताणाला ते टिकतं आणि आपल्या हाताने सहज निघतं.

ते धरेनासं झालं की लगेच उसवू नका. बऱ्याचदा आकडे झिजलेले नसतात, त्यांत धागे, केस आणि कापसाचा भुसा अडकलेला असतो. जाड सुईने ओळीओळीने तो उकरून काढा, मग जुन्या टूथब्रशने घासा. माझे सहापैकी दोन डायपर एवढ्यावरच बरे झाले.

उरलेल्यांची चाचणी घ्या. चोकवाली ट्यूब लागेना की आपण चांगला स्टार्टर लावून बघतो ना, तसंच. नव्या वेल्क्रोचा तुकडा आणा. जुने आकडे नव्या फाशांना घट्ट धरत असतील तर दोष फाशांचा. नव्या आकड्यांना जुने फासे धरत असतील तर दोष आकड्यांचा. जी बाजू गेली तेवढीच बदला.

बदलताना जुनी शिवण ब्लेडने नव्हे, उसवणीने काढा. नव्या पट्टीचे कोपरे गोल कापा, नाहीतर बाळाच्या पोटाला टोचतात. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. हाताने शिवत असाल तर धावदोरा नको, उलटी टीप घाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी अडतं. सुईचं प्रत्येक नवं भोक म्हणजे गळतीची जागा. म्हणून शक्यतो जुन्याच भोकांवरून शिवा आणि टाचण्या टोचून ठेवू नका.

मग टिचबटण

प्लास्टिकचं टिचबटण म्हणजे छोटासा इंटरफिअरन्स फिट. उंचवटा खळग्याच्या तोंडापेक्षा किंचित मोठा. दाबला की तोंड क्षणभर ताणलं जातं आणि 'टिच' आवाज येतो. दोन्ही भाग कापडाच्या मागच्या टोपीच्या खिळ्यावर बसलेले असतात. खिळ्याचं टोक पकडीने दाबून पसरवलेलं असतं, रिव्हेटसारखं.

बटण नुसतं डुगडुगत असेल तर ते टोक पुन्हा दाबा. 'टिच' आवाजच गेला असेल तर कड झिजली आहे. पुढच्या रांगेत बरीच बटणं असतात, पण वापरात दोन-तीनच. न वापरलेल्या बटणावर लावून बघा. तिथे घट्ट बसलं तर रांगेतलं जुनं बटण गेलंय. तिथेही सैल बसलं तर कानावरचं. मग निपरने खिळ्याचं पसरलेलं टोक कापा, कापड सांभाळून. तुकडा उडतो, तेव्हा वर्कशॉपचा गॉगल घाला. भोक मोठं झालं असेल तर आतून घट्ट कापडाचं ठिगळ लावा आणि मग नवं बटण बसवा. जुनं बटण नमुना म्हणून दुकानात न्या. माप चुकलं तर जोडी जमत नाही.

शेवटी प्रत्येक बटण वीस वेळा उघडा-लावा आणि जोरात ओढून बघा. हे टाळू नका. सुटं झालेलं बटण बाळ पहिल्यांदा तोंडातच घालतं, आणि ते घशात अडकू शकतं. याच कारणाने कापलेले तुकडेही मोजून गोळा करा. हॉस्टेलची दोन लाडकी औषधं, झटपट गोंद आणि स्टेपलर, इथे पूर्ण बंद!

टेलरकाकांनी पकड अर्धा तास वापरायला दिली. वेल्क्रो, बटणं, दोरा मिळून खर्च २१० रुपये आणि दोन रविवार. १२ पैकी ११ डायपर ताईकडे परत गेले. बाराव्याचा पाणी अडवणारा थरच सुटला होता. त्याचे सुती पॅड तेवढे ठेवून घेतले. सोबत ताईला चिठ्ठी दिली: धुण्याआधी वेल्क्रो बंद कर, इस्त्री लावू नकोस, आणि बटण ओढताना कापड नको, बटणाजवळ धर.

हीच युक्ती तुमच्या सँडलला, रेनकोटला आणि लॅपटॉपच्या बॅगेलाही चालते. स्टाफपैकी कोणाच्या घरी असे डायपर माळ्यावर पडले असतील तर फेकण्याआधी आमच्या विंगमध्ये पाठवा. हसणाऱ्यांपैकी चौघांना आता उलटी टीप घालता येते.