हलचा ग्रंथपाल

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत हल नावाचं बंदराचं शहर आहे. जुन्या काळी मासेमारीवर जगणारं आणि लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गापासून आडबाजूला पडलेलं. वाटेत लागलं म्हणून सहज कोणी तिथे उतरत नाही. फिलिप लार्किनला हे गाव मानवलं ते नेमकं त्यामुळेच. विसाव्या शतकातल्या अव्वल इंग्रज कवींमध्ये गणला जाणारा हा माणूस मार्च १९५५ मध्ये हल विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून रुजू झाला आणि २ डिसेंबर १९८५ रोजी वारला, तेव्हाही त्याच पदावर होता.

कवी आणि नोकरी म्हटलं की पोटासाठी एक आणि मनासाठी दुसरं, असा हिशेब आपण पटकन मांडतो. लार्किनला तो लागू पडत नाही.

१९४३ मध्ये ऑक्सफर्डमधून इंग्रजीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यावर त्याच्यासमोर फार वाटा नव्हत्या. दृष्टी अधू म्हणून सैन्याने घेतलं नाही, आणि जीभ अडखळायची म्हणून शिक्षकी पेशा अवघड. श्रॉपशरमधल्या वेलिंग्टन गावच्या सार्वजनिक वाचनालयात जागा निघाली, ती त्याने धरली. सगळा कारभार एकट्याच्या अंगावर. बॉयलरमध्ये कोळसा टाकण्यापासून पुस्तकं देण्याघेण्यापर्यंत सगळं तोच करायचा. ग्रंथपालनाचं शिक्षण नव्हतं. ते पुढे नोकरी सांभाळत पत्रद्वारा पूर्ण केलं. १९४६ मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो सहायक ग्रंथपाल झाला. तिथे त्याला भेटायला आलेला मित्र किंग्जली एमिस प्राध्यापकांच्या खोलीत थोडा वेळ बसला, आणि तिथल्या वातावरणातून त्याला ‘लकी जिम’ ही कादंबरी सुचली. १९५४ मध्ये निघालेलं ते पुस्तक त्याने लार्किनलाच अर्पण केलं. त्याआधी, १९५० मध्ये लार्किन बेलफास्टला गेला होता. तिथून हल.

तो हलला आला तेव्हा नव्या ग्रंथालयाचे आराखडे बरेच पुढे गेलेले होते. नवा माणूस सह्या करून मोकळा झाला असता, तरी कोणी नावं ठेवली नसती. याने काही महिन्यांत आराखड्यांचा कसून अभ्यास केला आणि सुधारणा सुचवल्या. पुस्तकांनी भरलेल्या मांडण्यांचं वजन जबर असतं. ते पेलणारी जमीन हवी. वाचणाऱ्याला उजेड लागतो, पण पुस्तकांना ऊन बाधतं. शिवाय आज पुरणारी जागा दहा वर्षांनी पुरत नाही. इमारतीचा पहिला टप्पा १९६० मध्ये राजमातेच्या हस्ते खुला झाला. दुसरा त्यानंतर दहाएक वर्षांनी उभा राहिला. लार्किनच्या तीस वर्षांत ग्रंथसंख्या सहापट झाली. वार्षिक तरतूद साडेचार हजार पौंडांवरून जवळपास साडेचार लाखांवर गेली. महागाई वजा केली तरी ही वाढ बारापट भरते. पुस्तकांची देवघेव संगणकावर नेणारी ‘जीयाक’ ही प्रणाली युरोपात सर्वांत आधी घेतली, ती याच ग्रंथालयाने. जुन्या वळणाचा म्हणून ओळखला जाणारा कवी आणि संगणक, हे जोडपं जरा मजेशीरच.

कचेरीबाहेर त्याचा जीव जॅझमध्ये. लहानपणी घरच्यांनी ड्रम घेऊन दिले होते. १९६१ ते १९७१ तो ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जॅझच्या तबकड्यांवर लिहीत असे. लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे ही दैवतं. चार्ली पार्करपासून पुढचं बहुतेक सगळं त्याच्या मते बिघडलेलं. या लेखांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने पार्कर, पाउंड आणि पिकासो अशा तीन ‘प’कारांना एकाच दोरीने बांधून झोडपलं आहे. प्रत्येक वाचकासाठी काही ना काही मांडणीवर ठेवणाऱ्या माणसाचं हे मत अंमळ एककल्लीच म्हणायचं.

दुसरा नाद छायाचित्रांचा. चांगला महागडा रोलायफ्लेक्स कॅमेरा घेऊन तो जुनी चर्चं, गल्लीबोळ आणि मैत्रिणी टिपायचा. टायमर लावून स्वतःलाही टिपायचा. कवी म्हणून १९८४ मध्ये राजकवीपद चालून आलं, ते मात्र त्याने नाकारलं.

ग्रंथपाल म्हणून त्याने एका गोष्टीचा पाठपुरावा केला. ब्रिटिश लेखकांची हस्तलिखितं अमेरिकी विद्यापीठं पैसे मोजून नेत होती आणि ब्रिटिश ग्रंथालयं स्वस्थ बसली होती. लेखक हयात असतानाच कागद जमवा, असं तो सांगत राहिला. या विषयावर १९७९ मध्ये त्याने लेख लिहिला. त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या कवितांची एक वही ब्रिटिश म्युझियमला देऊनही टाकली होती.

डायऱ्यांच्या बाबतीत मात्र याच माणसाने उलटा कौल दिला. त्याच्या इच्छेनुसार, अनेक वर्षं त्याची चिटणीस असलेल्या बेटी मॅकरेथने त्या यंत्रात घालून चिंध्या केल्या. पत्रं बचावली. ती १९९२ मध्ये छापून आली, तेव्हा त्यांतले वंशद्वेषी आणि स्त्रियांविषयीचे हिणकस शेरे वाचून अनेक चाहते दुखावले, आणि ते दुखावणं रास्तच होतं. पण असे कागद जपले गेले म्हणूनच कवीबरोबर माणूसही कळला. जपणुकीचा त्याचा आग्रह योग्य होता, आणि डायऱ्यांपुरता त्याने तो सोडायला नको होता.